लहरींची वाटणी आणि मार्कोनी

न्यूयॉर्कच्या किनाऱ्यालगत १९०१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शिडाच्या नौकांची 'अमेरिका कप' शर्यत रंगली होती. शर्यतीची बातमी समुद्रावरूनच बिनतारी यंत्राने धाडायची, म्हणून दोन वृत्तसंस्थांनी दोन कंपन्या नेमल्या. एक गुलिएल्मो मार्कोनीची, दुसरी ली द फॉरेस्ट या अमेरिकी संशोधकाची. तिसरी एक कंपनीही आपले यंत्र घेऊन तिथे हजर झाली. तिघांचे संदेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाने पाळीपाळीने पाच-पाच मिनिटे यंत्र चालवावे असे ठरवून पाहिले, पण ते टिकले नाही. सगळे एकाच वेळी संदेश धाडू लागले आणि किनाऱ्यावर कोणालाच काही उमगेना. शेवटी कामी आले ते हाताने झेंडे हलवून केलेले जुनेच इशारे.

आज शहरातल्या एकाच चौकात तीन-चार मोबाइल कंपन्यांचे शेकडो फोन एकाच वेळी चालतात आणि एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात शिरत नाही. यामागे दोन गोष्टी आहेत. एक, लहरी एकमेकींपासून वेगळ्या राखण्याचे तंत्र. दोन, त्या लहरी कोणी, किती आणि कोणत्या अटीवर वापरायच्या याचे नियम. पहिली गोष्ट व्यवहारात आणण्यात मार्कोनीचा मोठा वाटा होता. दुसरीला त्याने आणि त्याच्या कंपनीने अनेक वर्षे विरोध केला. रेडिओलहरींच्या वाटणीचा इतिहास म्हणूनच त्याच्या चरित्रात जवळजवळ पूर्ण सापडतो.

माळ्यावरची प्रयोगशाळा

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युझेप्पे जमीनदार, तर आई ॲनी ही आयर्लंडच्या जेमिसन या व्हिस्की बनवणाऱ्या घराण्यातली. मुलाचे शालेय शिक्षण विस्कळीत झाले आणि विद्यापीठात रीतसर प्रवेशही मिळाला नाही. मात्र बोलोन्यातले भौतिकशास्त्रज्ञ ऑगुस्तो रीगी यांच्याकडे त्याचे जाणे-येणे होते. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. १८९४ मध्ये हर्ट्झ अकाली गेला. त्याच्या कामाविषयीचा लेख वाचताना वीस वर्षांच्या मार्कोनीच्या मनात आले, की याच लहरींनी तारेविना संदेश का धाडू नये?

पोंतेक्किओ गावातल्या वडिलोपार्जित घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडले. यंत्रातले बरेचसे भाग इतरांनी आधीच शोधलेले होते. मार्कोनीने त्यांत सुधारणा केल्या, तारेचे एक टोक उंच टांगले आणि दुसरे जमिनीत गाडले. त्यामुळे संदेशाचा पल्ला एकदम वाढला. १८९५ मध्ये संदेश टेकडीपलीकडे सुमारे दोन किलोमीटरवर पोहोचला. तो मिळाल्याची खूण म्हणून भावाने पलीकडून बंदुकीचा बार काढला, असे सांगतात.

पुढच्या वर्षी आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. तिथे तिचे नातेवाईक होते. शिवाय जगातला सर्वांत मोठा जहाजांचा व्यापार त्याच देशाच्या हाती होता, आणि बंदर सोडल्यावर जहाजाशी बोलण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. जून १८९६ मध्ये मार्कोनीने पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला आधार दिला. जुलै १८९७ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

ढोल आणि तरफेच्या तारा

त्या काळची यंत्रे ठिणगीवर चालत. दोन धातूंच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी उडाली की लहरी उसळत. पण त्या एका ठरावीक लांबीच्या नसत, लहान-मोठ्या सगळ्या लांबींत पसरत. भर वस्तीत ढोल बडवावा तसा हा प्रकार होता. एक ढोल वाजत असेल तर ठेका कळतो. चार ढोल चार तालांत वाजू लागले की फक्त गोंगाट उरतो.

यावर उपाय होता सुरांचा. सतारीत मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. वर एखादा स्वर छेडला की त्याच स्वराला लावलेली तरफेची तार आपोआप झंकारते आणि बाकीच्या गप्प राहतात. पाठवणारे आणि घेणारे यंत्र एकाच स्वराला, म्हणजे एकाच वारंवारितेला लावता आले, तर शेजारी दुसरी जोडी दुसऱ्या स्वरात बोलू शकेल. इंग्लंडमधील ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ मध्येच ही कल्पना पेटंटमध्ये मांडली होती. मार्कोनीने ती पुढे नेली आणि एप्रिल १९०० मध्ये जुळवणीच्या रचनेचा अर्ज केला. त्यातून मिळालेले पेटंट क्रमांक ७७७७ फार गाजले. आता संदेश एकमेकांत मिसळणार नाहीत आणि चोरूनही ऐकता येणार नाहीत, असा कंपनीचा दावा होता.

हा दावा १९०३ मध्ये भर सभेत कोसळला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीचे सल्लागार जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांचे प्रात्यक्षिक होते आणि मार्कोनी कॉर्नवॉलमधल्या पोल्डू केंद्रातून संदेश धाडणार होता. संदेशाची वेळ होण्यापूर्वीच सभागृहातले यंत्र टकटकू लागले आणि उंदीर या अर्थाचा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला. पाठोपाठ मार्कोनीची टवाळी करणाऱ्या ओळी आल्या. हा उद्योग नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराचा होता. समुद्राखालून केबल टाकणाऱ्या एका कंपनीसाठी तो काम करत होता आणि त्याने जवळच एक साधे ठिणगीयंत्र बसवले होते. शेजारी कोणी ढोल बडवायचाच ठरवला, तर नुसत्या सूर जुळवण्याने भागत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

मक्तेदारीचा चटका

त्याआधी १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने सर्वांत मोठे धाडस केले होते. कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्स इथल्या टेकडीवर त्याने पतंगाच्या आधाराने तार उंच चढवली. पोल्डूहून मोर्स लिपीत धाडलेले 'एस' अक्षराचे तीन ठिपके अटलांटिक ओलांडून आल्याचे त्याने जाहीर केले. भर दिवसा, त्या लांबीच्या लहरींवर हे शक्य होते का, याविषयी आजही शंका घेतली जाते. त्या वेळी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक इटलीच्या नौदलाकडून आला होता. तशाच प्रकारच्या लोखंड-पाऱ्याच्या ग्राहकाचे वर्णन कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे केले होते.

पण वाटणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतर घडलेले. न्यूफाउंडलंडमध्ये तारेने संदेश नेण्याची मक्तेदारी एका केबल कंपनीकडे होती. काही दिवसांतच तिची कायदेशीर धमकी मार्कोनीच्या हाती पडली. त्याला प्रयोग गुंडाळावे लागले आणि शेजारच्या कॅनडाच्या सरकारने दिलेल्या मदतीवर नोव्हा स्कॉशियात केंद्र उभारावे लागले. मक्तेदारीचा असा चटका सोसलेल्या मार्कोनीने स्वतःचा धंदा मात्र मक्तेदारीच्याच पायावर उभा केला.

त्याची कंपनी जहाजांना यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. यंत्राबरोबर तारबाबूही कंपनीचाच येई. हा तारबाबू संकटाची वेळ सोडली तर फक्त मार्कोनीच्याच यंत्रांशी बोले. दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावरून कोणी हाक मारली तर उत्तर द्यायचे नाही, असा कंपनीचा हुकूम होता. यामागे हिशेब सरळ होता. किनाऱ्यावरची सर्वाधिक केंद्रे मार्कोनीची असल्याने, ज्या जहाजाला किनाऱ्याशी बोलायचे असेल त्याला मार्कोनीचेच यंत्र घ्यावे लागे. कंपनीची बाजू अशी होती, की केंद्रे उभारण्याचा खर्च आपण केला, तर प्रतिस्पर्ध्यांनी त्यांवर फुकट स्वार का व्हावे?

१९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हेन्री अमेरिकेहून परतत होता. त्याच्या जहाजावर जर्मन बनावटीचे यंत्र होते. मार्कोनी केंद्रांनी त्याच्या संदेशांना दाद दिली नाही अशी तक्रार झाली आणि जर्मनी खवळली. ऑगस्ट १९०३ मध्ये बर्लिनला नऊ देशांची बैठक भरली. कोणत्याही बनावटीच्या यंत्रावरून आलेला संदेश किनाऱ्यावरच्या केंद्राने घेतलाच पाहिजे, हा तिथला मुख्य मुद्दा होता. मार्कोनीशी करारबद्ध असलेल्या ब्रिटन आणि इटलीने त्याला संमती दिली नाही.

१९०६ मध्ये बर्लिनलाच मोठी परिषद झाली आणि पहिला आंतरराष्ट्रीय रेडिओ करार झाला. जहाज आणि किनारा यांच्यात यंत्राची बनावट न पाहता संदेशांची देवाणघेवाण सक्तीची झाली. जहाजांच्या सार्वजनिक संदेशांसाठी ३०० आणि ६०० मीटर लांबीच्या लहरी ठरल्या. त्यापुढे १,६०० मीटरपर्यंतचा पट्टा सरकारी आणि लष्करी कामासाठी राखला गेला. प्रत्येक केंद्राची माहिती बर्न इथल्या कार्यालयात नोंदवायची ठरले. एका अर्थाने आकाशाचा हा पहिला सातबारा होता. १९०९ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने मार्कोनीची किनारी केंद्रेच विकत घेतली. त्याच वर्षी मार्कोनीला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्याने कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर वाटून घेतले. मार्कोनीच्या जर्मन प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे ब्राउनच्याच संशोधनातून घडली होती.

टायटॅनिकच्या रात्री

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकचा तारबाबू जॅक फिलिप्स प्रवाशांच्या खासगी संदेशांचा ढीग उपसत होता. तोही मार्कोनी कंपनीचाच नोकर होता. जवळच थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाने बर्फाचा इशारा दिला. अंतर कमी असल्याने तो आवाज फार जोरात आला आणि दूरच्या केप रेस केंद्राशी चाललेले बोलणे त्यात बुडाले. फिलिप्सने वैतागून त्याला गप्प बसायला सांगितले. कॅलिफोर्नियनचा एकुलता एक तारबाबू काही वेळाने यंत्र बंद करून झोपला. त्यानंतर थोड्याच वेळात टायटॅनिक हिमनगावर आदळले. मदतीची हाक दूरच्या कार्पेथिया जहाजाने ऐकली, म्हणून सुमारे ७०० जण वाचले. सुमारे १,५०० जण बुडाले. त्यांत फिलिप्सही होता.

मार्कोनी तेव्हा अमेरिकेतच होता. जगाने त्याला वाचलेल्यांचा तारणहार मानले. पण त्या रात्रीने दुसरी बाजूही उघडी पाडली. लहरींच्या गर्दीत कोणाचा संदेश आधी, कोणी केव्हा थांबायचे आणि कोणी जागे राहायचे, हे कोणी ठरवलेलेच नव्हते. पुढचे काही दिवस अमेरिकी किनाऱ्यावर हौशी रेडिओवाले आणि व्यावसायिक केंद्रे यांच्या गोंधळात चुकीच्या बातम्याही पसरल्या. त्याच उन्हाळ्यात लंडन परिषदेने जहाजा-जहाजांमधले संदेशही यंत्राची बनावट न पाहता घेणे बंधनकारक केले. अमेरिकेने ऑगस्टमध्ये कायदा करून परवाना सक्तीचा केला. हौशी मंडळींना निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या २०० मीटरखालच्या लहरींत ढकलण्यात आले.

त्याच वर्षी मार्कोनी कंपनीचे नाव एका घोटाळ्यातही गाजले. ब्रिटिश साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची साखळी उभारण्याचे कंत्राट सरकार या कंपनीला देणार होते. ॲटर्नी जनरल रूफस आयझॅक्स आणि अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी कंपनीच्या अमेरिकी शाखेचे शेअर घेतल्याचे बाहेर आले. रूफस यांचा भाऊ गॉडफ्री हा मार्कोनी कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक होता. संसदीय समिती पक्षांच्या रेषेवर दुभंगली आणि बहुमताने मंत्री सुटले. हेच रूफस पुढे लॉर्ड रेडिंग या नावाने भारताचे व्हाइसरॉय झाले. लहरींचा कारभार बंद दाराआड चालला की संशयाला जागा उरते, हा धडा तेव्हाचाच आहे. त्याच सप्टेंबरात मार्कोनीला मोटार अपघातात उजवा डोळा गमवावा लागला.

खडकी, दौंड आणि लघुलहरी

पहिल्या महायुद्धानंतर मार्कोनीने 'एलेत्रा' नावाची नौका घेतली आणि तिच्यावरच प्रयोगशाळा थाटली. दूरच्या संदेशाला लांबच लांब लहरी लागतात, असा तोवरचा समज होता. अशी केंद्रे अवाढव्य असत आणि त्या पट्ट्यात मोजकीच केंद्रे मावत. इकडे हौशी मंडळींनी दुय्यम समजून दिलेल्या लघुलहरींवर अटलांटिक ओलांडून दाखवला होता. मार्कोनी आणि त्याचा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन यांनी लघुलहरी एका झोतात बांधून धाडण्याची पद्धत विकसित केली. थोड्या विजेत, कमी खर्चात संदेश जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचू लागला.

या पद्धतीने १९२७ मध्ये इंग्लंड आणि भारत जोडले गेले. भारतातले पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेणारे केंद्र दौंडला होते. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या परिषदेत जगभरच्या लहरींचा तक्ता आखला गेला. जहाजे, प्रसारण, हौशी मंडळी अशा प्रत्येक वापराला वेगळा पट्टा मिळाला आणि ठिणगीच्या यंत्रांना हळूहळू निरोप देण्याचे ठरले. काल ज्या लहरींना कोणी विचारत नव्हते त्यांना आता मोठी मागणी होती. हौशी मंडळींच्या वाट्याला त्यातले काही अरुंद पट्टे उरले. लहरींची किंमत तंत्राबरोबर बदलते, म्हणून वाटणीही कायमची करून चालत नाही.

उतारवयात मार्कोनीने मुसोलिनीची साथ धरली. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला आणि १९३० मध्ये इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला. त्याच्या कारकिर्दीत त्या अकादमीत ज्यू विद्वानांना प्रवेश मिळाला नाही. त्याचे हृदय तोवर कमकुवत झाले होते. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. त्याला मानवंदना म्हणून जगभरच्या रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले. सहा वर्षांनी, १९४३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लहरी जुळवण्याच्या त्याच्या अमेरिकी पेटंटातले मुख्य दावे रद्द ठरवले. लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन यांचे काम त्याच्या आधीचे होते, असे न्यायालयाला आढळले.

मोबाइलच्या काळात

मोबाइल कंपन्यांमधली स्पेक्ट्रमची वाटणी हा याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे. लहरी संपत नाहीत, पण एका जागी, एका वेळी, एकाच वारंवारितेवर दोघे बोलू लागले की दोघांचेही बिघडते. शिवाय सगळे पट्टे सारखे नसतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही शिरतात. ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात माहिती भरपूर मावते, पण टॉवर जवळजवळ उभारावे लागतात. वाटणी न्याय्य आहे का, हे नुसते मेगाहर्ट्झ मोजून ठरत नाही. कोणाला कोणता पट्टा मिळाला, तेही पाहावे लागते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने २००८ मध्ये मनमानी पद्धतीने दिलेले १२२ परवाने रद्द केले. तेव्हापासून मोबाइलचे स्पेक्ट्रम लिलावाने दिले जाते. लिलावामुळे व्यवहार उघड्यावर येतो, पण सगळ्यांत मोठ्या खिशाच्या कंपनीने सगळेच उचलू नये म्हणून मर्यादाही लागते. २०२२ च्या लिलावात १ गिगाहर्ट्झखालच्या एकूण स्पेक्ट्रमपैकी ४० टक्क्यांहून अधिक एका कंपनीला ठेवता येणार नव्हते. देशोदेशींच्या पट्ट्यांचा मेळ आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना घालते. त्यासाठी दर तीन-चार वर्षांनी जागतिक परिषद भरते, आणि तिची सुरुवात १९०६ च्या बर्लिन परिषदेतूनच झाली.

नियमाचा दुसरा अर्धा भाग लिलावाइतका चर्चेत नसतो. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लागतो, कारण एकमेकांचे कॉल घेणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. ही सक्ती नसती तर जिची टॉवरे सर्वाधिक, तिच्याकडेच सगळ्यांना जावे लागले असते, जसे एकेकाळी जहाजांना मार्कोनीकडे जावे लागे. कोणाच्याही यंत्रावरून आलेली हाक घेतली पाहिजे, हे बर्लिनमध्ये मान्य झालेले आणि मार्कोनीला न रुचलेले कलम रोजच्या प्रत्येक अशा फोनमागे आजही काम करते आहे.